डॉक्टरसाहेब, सुईआधी अंग पाहा

विदर्भातल्या गावखेड्यांत दवाखाना चालवणाऱ्या सर्व डॉक्टरांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातले काही प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहात, काहींचा बाजाराच्या गावी दोन खोल्यांचा दवाखाना आहे. कुणी एमबीबीएस, कुणी आयुर्वेदाचे, कुणी होमिओपॅथीचे. डिग्री कोणती हा आज माझा विषय नाही. आमच्या माणसाला ताप आला की जो दवाखाना जवळ आणि उघडा असेल तिथं तो जातो, म्हणून हे पत्र सगळ्यांनाच आहे.

मी वैनगंगेच्या धानपट्ट्यात आरोग्य सेविका होते. लसीकरण, बाळंतपणं, मलेरियाच्या काचपट्ट्या, हत्तीपायाच्या गोळ्या, नोकरीची सगळी वर्षं यातच गेली. आता निवृत्त आहे. तरी गावातली माणसं तुमच्याकडे जाण्याआधी माझ्या ओट्यावर बसतात आणि परत येतानाही बसतात. हातात पुडी असते. "बाई जी, पाहा बरं, कायच्या गोळ्या आहेत ह्या?" पुडीत तीन रंगांच्या सुट्या गोळ्या. कमरेवर सुईचा डाग. मी विचारते, डॉक्टरांनी काय पाहिलं? उत्तर ठरलेलं: "पाहिलं ना जी, छातीले मशीन लावली."

माझी मागणी एवढीच आहे. ताप, सूज किंवा ठणका घेऊन आलेल्या माणसाला सुई देण्याआधी त्याचं अंग पाहा. कपड्यावरून नको, कपडा बाजूला करून पाहा. जंतुसंसर्गाची खूण पुष्कळदा अंगावरच असते. काखेत असते, जांघेत असते, पायाच्या बोटांच्या बेचक्यात असते, घशात असते, परकराच्या नाडीखाली असते. तिथं कुणी पाहत नाही म्हणून ती राहून जाते आणि माणूस एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरत राहतो.

एका बाईचं सांगते. चाळिशीची, रोज निंदणाला जाणारी. भाद्रपदात ताप भरला. डोकं ठणकत होतं, अंग मोडून आलं होतं. पहिल्या दवाखान्यात सुई आणि पुडी मिळाली. रात्री ताप उतरला, सकाळी पुन्हा चढला. दुसऱ्या दवाखान्यात रक्त काढलं. मलेरिया निघाला नाही, टायफॉइडची विडाल तपासणी "थोडीशी पॉझिटिव्ह" आली, मग टायफॉइड ठरला आणि दोन वेळच्या सुया सुरू झाल्या. दोनदा सलाईनची बाटल लागली. आठवडा असाच गेला. बाईला धाप लागली, लघवी कमी झाली, तेव्हा नवऱ्यानं तिला तालुक्याला नेलं. मी सोबत होते. तिथल्या तरुण डॉक्टर मॅडमनी पडदा ओढला, बाईला आडवं केलं आणि लुगड्याची गाठ सैल करायला सांगितली. कमरेला, नाडी काचते त्याच जागी, एक काळी खपली होती. करंगळीच्या नखाएवढी, भोवती लाल कडं, बिडीचा चटका बसावा तशी. दुखत नव्हती, खाजत नव्हती. ती तिथं आहे हे त्या बाईलाही ठाऊक नव्हतं. जांघेत अवधान, म्हणजे गाठ, आलं होतं. मॅडमनी रक्ताचे नमुने घेतले, पण अहवालाची वाट न पाहता डॉक्सीसायक्लिन सुरू केलं, ऑक्सिजन लावला आणि तिला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. दोन दिवसांत ताप उतरला. बाई वाचली. कापूस वेचायला नाही गेली त्या वर्षी, पण वाचली.

तिला झाला होता तो स्क्रब टायफस. तुम्हाला तो नवा नाही. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत तो पसरला आणि माणसं गेली, तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत त्याचं नाव होतं. ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी नावाचा जंतू, आणि तो अंगात सोडणारी डोळ्यांना न दिसणारी चिगर माइट, म्हणजे गवतातल्या गोचिडासारख्या बारीक किड्याची अळी. धुऱ्यावरचं गवत, पडीक वावर, झुडपं, उंदरांचा वावर असेल तिथं ती असते. चावल्यावर साधारण दहा-बारा दिवसांनी ताप चढतो. आमची माणसं ऑगस्ट ते ऑक्टोबर त्याच गवतात वाकून काम करतात. ती अळी अंगावर चढते आणि कपडा जिथं घट्ट असतो, कातडी जिथं नाजूक असते, तिथं थांबते: काख, जांघ, कंबर, स्तनांच्या खाली, पुरुषांच्या लंगोटीच्या पट्ट्याखाली. म्हणून खपलीही तिथंच सापडते. सगळ्यांनाच ती उठत नाही, हे मलाही माहीत आहे. खपली दिसली नाही म्हणजे स्क्रब टायफस नाही, असा अर्थ नको. पण दिसली तर रक्ताच्या अहवालाआधी निदान हातात येतं, तेही फुकट. आणि इथंच सगळं अडतं, कारण ताप म्हटला की आपल्याकडे ज्या सुया सर्रास दिल्या जातात, त्या पेनिसिलिनच्या जातीच्या असोत, सेफ्ट्रायॅक्झोन असो की जेंटामायसिन, या जंतूला लागू पडत नाहीत. लागू पडतं ते स्वस्तातलं डॉक्सीसायक्लिन, गरोदर बाईला अझिथ्रोमायसिन. वेळेत दिलं तर बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर फुप्फुसं, मूत्रपिंड, मेंदू, काहीही तडाख्यात सापडतं. योग्य औषध काही रुपयांचं, आणि चुकीच्या सुयांपायी घरातली शेळी विकली जाते. हे मी माझ्या गावात पाहिलं आहे.

धानाच्या बांधीत उभं राहून रोवणं करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसही होतो, उंदराच्या मुताच्या पाण्यातून. तिथंही डोळ्यांनी पाहायचं आहे. डोळे लाल आहेत का, डोळ्यांत पिवळेपणा आहे का, पोटरी दाबली तर माणूस ओरडतो का. पोटरी दाबून पाहायला किती वेळ लागतो?

आता पाय. पायांबद्दल मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण पावसाळ्यात आमच्याकडे पुष्कळ तापांचं मूळ पायात असतं आणि स्टुलावर बसलेल्या माणसाचे पाय टेबलाखाली राहतात. चिखलात दिवसभर उभं राहिलं की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. कातडी पांढरी, ओलसर होऊन फाटते. त्या भेगेतून स्ट्रेप्टोकोकस नाहीतर स्टॅफिलोकोकस आत शिरतो. मग एकाएकी हुडहुडी भरते, जांघेत गाठ येते, आणि काही तासांत पाय लाल, गरम, टणक होऊन ठणकायला लागतो. म्हातारी माणसं त्याला धावरं म्हणतात, तुम्ही सेल्युलायटिस किंवा एरिसिपेलस म्हणता. माणूस दवाखान्यात येऊन सांगतो "ताप आहे, थंडी वाजते". पाय दुखतो हे सांगतच नाही, कारण त्याला वाटतं तापानंच पाय दुखतो आहे. मलेरियाची काचपट्टी घेतली जाते, तापाची सुई दिली जाते. पायाकडे कुणी पाहत नाही, आणि बेचक्यातली ती भेग तर कुणालाच दिसत नाही.

आमच्या केंद्रात एक वैद्यकीय अधिकारी होते. असा पाय आला की ते खिशातलं बॉलपेन काढायचे आणि लाली जिथं संपते तिथं कातडीवर रेघ ओढायचे. बाजूला तारीख आणि वेळ लिहायचे. माणसाला सांगायचे, "उद्या सकाळी पाहा. लाली रेघेच्या आत आली तर ठीक, बाहेर गेली तर काम टाकून ये." अक्षरशून्य माणसालाही ते समजायचं. घरची सगळी मंडळी सकाळी त्या रेघेभोवती जमायची. एका पेनानं त्यांनी रोगी आणि त्याचं घर दोन्ही पहाऱ्यावर बसवले होते. मग ते बेचक्यातल्या बुरशीचं मलमही लिहून द्यायचे, नाहीतर पुढच्या श्रावणात तोच पाय पुन्हा येतो. मधुमेह आहे का, हेही तेव्हाच विचारायला हवं. आता आमच्या गावांतही घराघरांत साखर आहे, आणि तपासलेली फार थोड्यांनी.

त्यातही एक खूण अशी आहे की ती दिसली तर पुडी बांधूच नका. पाय दिसतो त्या मानानं दुखणं फारच जास्त असेल, कातडीवर पाण्याचे फोड, जांभळे-काळे चट्टे असतील, किंवा ठणकणारी जागा एकाएकी बधिर झाली असेल, तर जंतू मांस खात आत चालला आहे. तिथं वेळ तासांत मोजायची, दिवसांत नाही. शस्त्रक्रियेशिवाय ते थांबत नाही. १०८ बोलवा, चिठ्ठी लिहा, पाठवा.

हत्तीपायाच्या माणसांकडे तर कुणी माणूस म्हणूनही पाहत नाही असं मला वाटायला लागलं आहे. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, या पट्ट्यात तो पिढ्यान्पिढ्या आहे. गोळ्या खाऊ घालायच्या मोहिमेत आम्ही दारोदार फिरलो. २०१९ पासून नागपूर जिल्ह्यात तीन औषधांची एकत्र मोहीम सुरू झाली, देशातल्या पहिल्या काही जिल्ह्यांत तो होता. देशानं २०२७ पर्यंत हा रोग घालवायचं ठरवलं आहे. हे सगळं चांगलंच आहे. पण ज्याचा पाय सुजून बसला आहे, त्याला वर्षातून कितीदा तरी थंडी-ताप येऊन पाय लाल होतो आणि तो अंथरुणाला खिळतो, त्याचं काय? त्याला सांगितलं जातं, हत्तीपायाचा ताप आहे, येणारच. तसं नाही. जंतानं पायातल्या रसवाहिन्या निकामी केलेल्या असतात, म्हणून बेचक्यातून शिरणाऱ्या साध्या जंतूंना तो पाय अडवू शकत नाही. प्रत्येक झटका हा जंतुसंसर्ग आहे, आणि प्रत्येक झटक्यानंतर पाय आणखी थोडा जाड होतो. झटके थांबवले तर पाय वाढायचा थांबतो.

आणि ते थांबवायला लागतं काय? बादली, मग, साधा साबण, स्वच्छ कोरडं फडकं. रोज संध्याकाळी पाय साबणानं धुवायचा, घासायचा नाही. कातडीच्या घड्या उघडून आत धुवायचं. बोटांच्या मधे कापसानं किंवा फडक्यानं टिपून कोरडं करायचं, कारण सगळा खेळ ओलाव्याचा आहे. भेग असेल तिथं मलम. बसताना पाय उंचावर ठेवायचा, चालताना चप्पल घालायची. मी एका म्हाताऱ्या आजोबांच्या सुनेला हे समोर बसून शिकवलं होतं. पहिल्या दिवशी तिनं नाकाला पदर लावला. पुढं ती स्वतःच बोटं मोकळी करून दाखवायला लागली, "पाहा बाई, आता वास नाही येत." त्या पावसाळ्यात आजोबांना झटका आला नाही. झटका आलाच तर विश्रांती, गार पाण्याची पट्टी, भरपूर पाणी, जंतूंचं औषध. त्या वेळी हत्तीपायाच्या गोळ्या द्यायच्या नाहीत, गरम तेलानं चोळायचं नाही, शेकायचं नाही. आणि बिब्बा तर अजिबात नाही. बिब्ब्यानं उतलेली कातडी म्हणजे जंतूंना दुसरं दार. तुम्ही एकदा त्या पायाला हात लावलात, बोटं उघडून पाहिलीत, तर घरचेही लावतील. डॉक्टरच लांबून बोलत असतील तर सुनेकडून काय अपेक्षा ठेवायची?

लेकरांचं थोडक्यात सांगते. घसा दुखतो म्हणून आलेल्या लेकराचं तोंड उघडा, चमचा आणि टॉर्च घ्या. नाक वाहतं, खोकला आहे, घसा नुसता लालसर आहे, तर बहुधा विषाणू आहे, त्याला अँटिबायोटिक नको. पण एकाएकी ताप, गिळताना दुखणं, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, गळ्याला दुखऱ्या गाठी आणि खोकला नाही, असं पाच ते पंधरा वर्षांचं लेकरू असेल तर तो स्ट्रेप्टोकोकस समजून पूर्ण उपचार द्या. कारण त्यानंतर दोन-चार आठवड्यांनी काही लेकरांचे सांधे सुजतात, आज गुडघा, परवा घोटा, आणि सूज हृदयाच्या झडपांपर्यंत जाते. मग दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई, वर्षानुवर्षं. लग्नाच्या वयाच्या पोरी बाळंतपणात धाप लागून बसतात तेव्हा लहानपणीचा घसा कुणाला आठवत नाही. खरजेचंही तसंच. खाजवून पिकलेली खरूज म्हणजे फक्त खरूज राहत नाही. काही आठवड्यांनी लेकरू सकाळी उठतं ते तोंड सुजलेलं, लघवी कमी आणि काळपट तांबडी. म्हणजे मूत्रपिंडाला सूज आली. शाळेतल्या लेकरांच्या बोटांच्या बेचक्यांत खरूज दिसली तर घरच्या सगळ्यांना एकाच दिवशी औषध लावा, नाहीतर फिरून येते.

खोकल्याच्या तान्ह्या लेकराचा सदरा वर करा. नुसतं छातीला स्टेथोस्कोप लावून भागत नाही. पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या लेकराला ४० किंवा जास्त, म्हणजे न्यूमोनिया समजायचा. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर लगेच पाठवायचं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत अक्षरओळख नसलेल्या दायांनाही श्वास मोजता यावा म्हणून मण्यांचं साधं मोजयंत्र बनवलं होतं. दाई मोजू शकते, आशाताई मोजते, तर आपणही मोजू शकतो. आणि नवजात बाळ पाजणं सोडतं, अंग गार पडतं, बेंबीभोवती लाली किंवा पू दिसतो, रडणं मंदावतं, तेव्हा ताप असायलाच पाहिजे असं नाही. तान्ह्या बाळाचा जंतुदोष पुष्कळदा थंड अंगानं येतो.

आता बायांबद्दल. लिहायला मला संकोच नाही, आणि तुम्ही वाचायला संकोच करू नये. कापूस वेचणीला, सोयाबीनच्या सोंगणीला गेलेली बाई दिवसभर पाणी कमी पिते, कारण वावरात आडोसा नसतो. लघवी धरून ठेवते. मग उन्हाळी लागते, म्हणजे लघवीला जळजळ होते, घडीघडी जावं लागतं, ओटीपोटात कळ येते. ती येऊन सांगते "अंगात कसकस आहे, कंबर दुखते". तिला ताकदीची गोळी मिळते. तिची कंबर दुखते कुठं, हे हातानं दाबून पाहिलं का? बरगडीच्या खाली पाठीत दाबलं की ती कळवळली, वर थंडी वाजून ताप आणि उलट्या असतील, तर जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचले आहेत. गरोदर असेल तर लघवीची तपासणी प्रत्येक भेटीत करा. तिला काही त्रास नसतानाही लघवीत जंतू असू शकतात, आणि त्यातून मूत्रपिंडाला सूज येऊन दिवस भरण्याआधी बाळंतपण होऊ शकतं.

अंगावरून घाण वास येणारं पाणी जातं, ओटीपोट दुखतं, नवऱ्याजवळ जाताना दुखतं, हे बाई सांगत नाही. पण विचारलं, आणि एकटीत विचारलं, तर सांगते. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली होती. १९८९ साली ती 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. शंभरातल्या ९२ बायांना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला, त्यातला निम्मा भार जननमार्गाच्या संसर्गांचा. आणि त्याआधी कधीही तपासणी आणि उपचार मिळालेल्या बाया होत्या शंभरात आठ. बाकीच्या ९२ जणींना कुणी पाहिलंच नव्हतं. तेव्हापासून रस्ते झाले, मोबाइल आले, दवाखाने वाढले. माझ्या ओट्यावर येऊन बसणाऱ्या बायांना मी आजही विचारते, "तपासलं का गं?" त्या मान हलवतात. असा संसर्ग तसाच राहिला तर गर्भनलिका बंद होतात, आणि मूल होत नाही म्हणून ज्या पोरीला घरातून काढलं जातं, तिचा त्यात काय दोष?

तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे, कारण मी टेबलाच्या तुमच्याच बाजूला उभी होते. बाजाराच्या दिवशी रांग दारापर्यंत असते, वेळ कुठून आणायचा? खरं आहे. पण ताप म्हणून आलेल्या माणसाचा घसा, काख, जांघ आणि पायाची बोटं पाहायला दोन मिनिटं लागतात, आणि तोच माणूस त्याच तापासाठी तीनदा परत येतो त्यात किती जातात? बाया कपडा सरकवत नाहीत, म्हणता. उघड्या खोलीत, दाराशी दहा माणसं डोकावत असताना कोण सरकवेल? एक पडदा लावा. लोखंडी दांडी आणि जाड चादर एवढाच खर्च आहे. पुरुष डॉक्टर असाल तर सिस्टरला, आशाताईला किंवा तिच्यासोबत आलेल्या बाईला आत घ्या. बाई रोग्याच्या तपासणीच्या वेळी दुसरी बाई हजर असणं हा तिचा हक्क आहे, रुग्ण हक्कांच्या सनदेत तो लिहिलेला आहे. काय पाहणार आहात आणि कशासाठी, हे आधी सांगा. आमच्या बाया समजूतदार आहेत. सांगून केलेल्या तपासणीला नाही म्हणणारी बाई मला क्वचितच भेटली.

आणि सुई. पेशंटच मागतो, न दिली तर शेजारच्या दवाखान्यात जातो, हेही खरं. पण त्याला ती सवय लागली कुठून, याचा विचार आपल्यालाच करावा लागेल. ठणक्याचं डायक्लोफेनॅक आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड एकत्र टोचलं की संध्याकाळी माणूस उठून बसतो, जेवतो, डॉक्टरांना दुवा देतो. ताप आणि सूज झाकली जाते, जंतू तिथंच असतो, उलट स्टेरॉइडमुळे त्याला मोकळं रान मिळतं. दोन दिवसांनी तो जास्त बिघडून येतो, आणि तेव्हा तुमच्याकडे नाही, माझ्या ओट्यावर येतो. पावसाळ्यात ज्याला आधीच उलट्या आहेत, लघवी कमी आहे, त्याच्या मूत्रपिंडावर डायक्लोफेनॅकचा भार कशाला? तापाला पॅरासिटामॉल पुरतं.

अँटिबायोटिक द्यायचं तर पूर्ण द्या, आणि पट्टी अख्खी द्या. त्या पट्टीवर उभी लाल रेघ असते, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये असं सांगणारी. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं तिची मोहीम चालवली होती. पण कात्रीनं गोळ्या सुट्या करून पुडीत बांधल्या की रेघही जाते, औषधाचं नावही जातं आणि मुदतीची तारीखही. दोन दिवसांच्या गोळ्या, मग बरं वाटलं की उरलेल्या शिंक्यात ठेवायच्या आणि लेकराला ताप आला की त्यातलीच अर्धी मोडून द्यायची, हे घरोघरी चालू आहे. त्याच गोळ्या पुढं लागू पडेनाशा होतात.

पाठवायची वेळ आली तर कागदावर चार ओळी लिहून द्या: काय त्रास, कधीपासून, काय दिलं, किती वाजता दिलं. तालुक्याच्या दवाखान्यात विचारतात, आधी काय औषध झालं? माणूस म्हणतो, "लाल गोळी आणि पांढरी गोळी, आन दोन सुया." ते ऐकून पुढच्या डॉक्टरांनी काय करायचं? माणूस बरळायला लागला, श्वास जोरात चालला, हातपाय गार पडले, लघवी झाली नाही, अशा वेळी चिठ्ठी लिहून अँटिबायोटिकचा पहिला डोस तिथंच द्या आणि मग गाडीत बसवा. आमच्या रस्त्यांवर तालुका गाठायला लागणारा वेळ जंतू वाया घालवत नाहीत.

प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना एक वेगळी विनंती. तुमच्या केंद्राला रुग्ण कल्याण समिती आहे, तिच्याकडे निधी असतो. पुढच्या बैठकीत पडदा, तपासणीचा पलंग, चांगला टॉर्च, लघवी तपासायच्या पट्ट्या आणि हत्तीपायाच्या माणसांसाठी टब-मग-टॉवेल-मलम यांची मागणी ठेवा. पावसाळ्याआधी डॉक्सीसायक्लिनचा साठा मोजून घ्या. आशाताईंच्या मासिक बैठकीत त्यांना त्या काळ्या खपलीचा फोटो दाखवा, जागा दाखवा. त्या बायांच्या घरात जातात, न्हाणीपर्यंत जातात. खपली तुमच्या आधी त्यांना दिसेल.

खासगी दवाखाने चालवणाऱ्या डॉक्टरांनी पडद्याचा खर्च स्वतः करावा, आणि कुणाला तो खरोखर जड जात असेल तर आमच्या गावच्या बचत गटाच्या बाया शिवून द्यायला तयार आहेत. मी त्यांच्याशी बोलले आहे. कापड तेवढं जाड आणा.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका
वैनगंगेकाठच्या धानपट्ट्यातून